पावलांची पंच दलेंदा

कसर हलाल गावात सकाळी पावाच्या दुकानापुढं जी रांग लागते, ती एरवी रांग नसतेच, घोळका असतो. दलेंदा आली की त्याची रांग होते. "तुम्ही त्या हिरव्या ओढणीच्या मागं. मी बघितलंय," एवढंच ती म्हणते, आणि भलेभले गृहस्थ मुकाट्यानं मागं सरकतात. घरी कलिंगड कापायचं कामही तिचंच. नवरा हसूना मासेमारीच्या बोटीवर असतो, चार दिवसांनी घरी येतो. तो म्हणतो, "हिच्या हातच्या फोडी तराजूत टाका, काटा हलणार नाही. फक्त तोवर कलिंगड गरम होतं."

वय एकेचाळीस. शाळा सहावीपर्यंत. सतराव्या वर्षी गावातल्या शिलाई कारखान्यात ओव्हरलॉक मशीनवर बसली, ती अजून तिथंच आहे. कामगार कायद्याचं पुस्तक तिनं जेवणाच्या सुट्टीत वाचून काढलं. त्यातला अवघड शब्द विचारायला ती थेट मॅनेजरकडं जायची, आणि अर्थ समजला की त्याच कलमावरून त्याच्याशी भांडायची. अशी बाई युनियनची प्रतिनिधी होणार नाही तर कोण होणार?

तर जुलैच्या मध्यावर फ्रान्सच्या गिऱ्हाईक कंपनीकडून एक खोकं आलं. त्यात पावलं मोजणारे मनगटी पट्टे होते. मॅनेजर रऊफसाहेबांनी सगळ्यांना अंगणात जमवलं आणि भिंतीवर एक तक्ता लावला. तक्त्यावर एक गोरी बाई हसत चालत होती आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'दर तासाला दोनशे पावलं चाला. आम्हाला तुमच्या तब्येतीची काळजी आहे.' शिलाई विभाग विरुद्ध पॅकिंग विभाग, तीस दिवसांची शर्यत. ज्या विभागाची एकूण पावलं जास्त, त्या विभागात नवा एसी बसणार.

शिलाईच्या हॉलला पत्र्याचं छप्पर. उन्हाळ्यात तिथं मशीनवर पाण्याची बाटली ठेवली तर दुपारी त्यात चहा होईल. इस्त्रीवरची रबाह मावशी, वय अठ्ठावन्न, त्या महिन्यात दोनदा चक्कर येऊन पडली होती.

"म्हणजे साहेब," दलेंदा म्हणाली, "घाम आम्हाला येतो, आणि तो जावा म्हणून आम्ही आणखी घाम गाळायचा?"

"अगं, ही गंमत आहे दलेंदा."

"गंमत आहे तर बक्षीस म्हणून बिस्किटाचा पुडा ठेवा. हवा कशाला ठेवता?"

हशा पिकला, पण साहेबांनी ठरवलेलं ठरलं. शिलाईत एकतीस बायका, दिवसभर बसून. पॅकिंगमध्ये चौदा माणसं, दिवसभर उभी, खोकी घेऊन इकडून तिकडं. शिलाईवाल्या म्हणाल्या, हा अन्याय आहे, आमचा पाय दिवसभर पेडलवर नाचतो पण पट्टा मनगटात, मनगटाला पायाची काय खबर? पॅकिंगचा मुकादम मोंजी म्हणाला, हा अन्याय आहे, त्या आमच्या दुपटीनं आहेत. दोन्ही बाजू रडतायत म्हणजे नियम बरोबर असणार, असं म्हणून साहेबांनी विषय संपवला. आणि पंच म्हणून दोन्ही बाजूंनी एकच नाव सुचवलं.

"ही आमच्या विरुद्ध आहे," मोंजी म्हणाला, "पण खोटं बोलायला हिला जमत नाही. बिचारीला तेवढंच एक येत नाही."

पंच झाल्यावर दलेंदानं नियम लिहिले. पट्टा दुसऱ्याला द्यायचा नाही. पोराला, बकरीला, पंख्याला, कशालाही बांधायचा नाही. आणि सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत मनगटावरून काढायचा नाही, कारण काढला की तो कुठं फिरेल याचा भरवसा नाही. हा शेवटचा नियम तिला फार आवडला होता. तो तिनं लाल पेनानं लिहिला.

मग गावाचा नूर पालटला. कारखान्याच्या गाडीनं येणाऱ्या बायका दोन थांबे आधी उतरायला लागल्या. जेवणाच्या सुट्टीत एका हातात हरिसाची तिखट लाल चटणी फासलेला पाव धरून एकतीस जणी अंगणात गोल फिरायच्या. मोंजीनं आपली जुनी मोपेड चक्क ताडपत्रीखाली झाकली आणि कॅफेत पत्ते खेळताना उतारी झाली की उठून टेबलाला एक चक्कर मारायला लागला. जोडीदारांनी त्याला खेळातून काढून टाकला.

दुसऱ्या आठवड्यात मोंजीचे आकडे अचानक फुगले. दिवसाला सत्तावीस हजार. दुपारी चप्पल हातात घेऊन दलेंदा कटाईच्या खोलीत गेली. तिथं लांबलचक टेबलावर कापड अंथरणारा गाडा पुढं-मागं, पुढं-मागं धावत होता, आणि त्याच्या दांड्याला मोंजीचा पट्टा बांधलेला होता. मोंजी शेजारी खोक्यावर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत होता.

"दमला असशील," दलेंदा म्हणाली. "पाणी आणू?"

"अगं, मी फक्त बघत होतो, चालतो का ते."

"तो चालतोय. तू बसलायस."

सगळ्या कारखान्यासमोर तिनं त्याची चार दिवसांची पावलं पुसली. वर दहा मिनिटं त्याला सुनावलं. जो हलला नाही त्याचं पाऊल नाही, आणि जे पाऊल नाही ते माझ्या वहीत नाही. शिलाईवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मोंजी मिशी चावत उभा राहिला.

तरीही ऑगस्टमध्ये, शर्यतीच्या शेवटच्या शनिवारी, शिलाई चाळीस हजार पावलांनी मागंच होती. मंगळवारी शर्यत संपणार. रबाह मावशी म्हणाली, "जाऊ दे गं. अजून एक उन्हाळा काढू. मेले तर गार जागेत पुरा म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी रविवार, आणि रविवारी चालायला कुणालाच सवड नव्हती. ऑगस्ट म्हणजे वर्षभराच्या वाळवणाचा महिना. नवा गहू दळून आलेला असतो, ऊन कडक असतं, आणि घरोघरी अंगणात बायका कुसकुस वळायला बसतात. मोठी परात घ्यायची, रव्यावर पाण्याचा हबका मारायचा, आणि तळहात गोल, गोल, गोल फिरवत राहायचं, की रव्याचे बारीक दाणे वळले जातात. मग चाळायचं, पुन्हा वळायचं, चादरीवर वाळत घालायचं. एकटीचं काम नाही हे. आज हिच्याकडं, उद्या तिच्याकडं. त्या रविवारी शिलाईच्या एकतीस जणी गावातल्या पाच-सहा अंगणांत वाटल्या गेल्या होत्या. सात जणी दलेंदाकडं. सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत हात चालू, तोंडं त्याहून चालू. कुणाच्या तरी मनात आलं, पट्ट्यात रवा जाईल, काढून ठेवू या.

"नियम आहे," दलेंदा म्हणाली, आणि प्लास्टिकच्या पिशव्या आणून सातही मनगटांना बांधल्या.

सोमवारी सकाळी आकडे लागले. शिलाई सात लाख साठ हजारांनी पुढं. हॉलमध्ये, लग्नघरी बायका जीभ हलवून काढतात तशा हुलहुलींचा असा गजर झाला की बाहेरच्या रस्त्यावरची माणसं नवरी बघायला थांबली. एसी कुठल्या भिंतीवर लावायचा याच्यावरून दोन मैत्रिणींची बोलाचाली बंदसुद्धा झाली.

जेवणाच्या सुट्टीत मोंजी आला. हळू बोलत होता, म्हणजे नक्की काहीतरी घेऊन आला होता.

"दलेंदाबाई, काल कुठं गेला होतात?"

"कुठं जाणार? घरी होते."

"तुमचं अंगण सहा पावलांचं. मी फरशी बसवायला आलो होतो तुमच्याकडं. एकतीस हजार पावलं चाललात म्हणजे पाच हजार फेऱ्या. फरशी शिल्लक आहे ना?"

"तू मला गाड्याला पट्टा बांधणारी समजतोस?"

"छे. मी फक्त विचारतोय. पंच तुम्ही आहात."

तिचा संताप संताप झाला. संध्याकाळी घरी येऊन तिनं चप्पलसुद्धा काढली नाही. परात ओढली, उरलेला रवा ओतला, आणि शंभरपर्यंत मोजत हात फिरवला. पट्ट्यात बघितलं. चौऱ्याण्णव पावलं. पुन्हा केलं. सत्त्याण्णव. मांडी घालून बसल्या जागी.

हसूना त्याच दिवशी बोटीवरून आला होता, खारे पाय धूत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मग काय झालं? मोंजीचा गाडा फिरत होता. तू तर स्वतः फिरवलंस. खांदे भरलेत तुझे, काल रात्री मीठपाण्यानं शेकलेस असं तूच सांगितलंस."

"श्रम आहेत. पावलं नाहीत."

"पेडलवरची पावलं त्यांनी कुठं मोजली? ती इकडून गेली, ही तिकडून आली. फिटंफाट."

ही फिटंफाट तिला आवडली. इतकी आवडली की ती उठून अंगणात आली, सहा पावलं गेली, सहा पावलं आली. पण मोंजीची पावलं पुसताना आपण काय काय बोललो होतो, ते तिला शब्दन् शब्द आठवत होतं. जीभ लांब असली की हा एक त्रास होतो. आणि बोललेलं सगळं खरं असलं की तो दुप्पट होतो.

ती तशीच रबाह मावशीकडं गेली. मावशी दारात भिजवलेला टॉवेल डोक्यावर टाकून बसली होती. दलेंदानं उभ्या उभ्या सांगितलं.

मावशीनं डोक्यावरचा टॉवेल नीट केला. मग म्हणाली, "मला आधी सांगायला आलीस?"

"तुला गारव्याची गरज सगळ्यांत जास्त आहे."

"आणि मी नको म्हटलं तर तू सांगणार नाहीस?"

"सांगणारच."

"मग कशाला आलीस, मेले? बस. चहा घे."

मंगळवारी दुपारी अंगणात दलेंदानं वही उघडली. रव्याची परात सोबत आणली होती. कुणी खोटं म्हणू नये म्हणून साहेबांच्या मनगटात पट्टा बांधला आणि त्यांनाच कुसकुस वळायला बसवलं. त्यांनी वळलेला रवा कोंबड्यांनीही खाल्ला नसता, पण पट्ट्यात साठ पावलं चढली. मग तिनं शिलाई विभागाची रविवारची सगळी पावलं पुसली, स्वतःची सगळ्यांत आधी. पॅकिंग जिंकलं.

टाळ्या वाजल्या नाहीत. मोंजीनंसुद्धा वाजवल्या नाहीत. "अगं, मी गमतीनं विचारलं होतं," तो पुटपुटला. शिलाईवाल्या मात्र पुटपुटल्या नाहीत. "आमचं नशीब बघा, सगळ्या गावात एक प्रामाणिक बाई, ती आमच्याच हॉलमध्ये," असं पलीकडून मोठ्यानं ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी तिच्या खुर्चीवरची उशी गायब होती. दोन दिवस तिच्याशी बोललं कोण, तर फक्त रबाह मावशी, आणि तीही शिव्या द्यायला.

शुक्रवारी पॅकिंगमध्ये एसी लागला. शनिवारी सकाळी दलेंदा हजेरी लावून अंगणातून जाताना भिंतीवरच्या तक्त्यापाशी थांबली. ती गोरी बाई अजून हसत चालत होती. दलेंदानं खालचं वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं. मग शिलाईच्या हॉलच्या दारापासून पॅकिंगच्या दारापर्यंत ती मोजत गेली. शंभर पावलं. परत शंभर.

आठ वाजता तिनं मशीन बंद केलं आणि उठली.

"रबाह मावशी, चल. दर तासाला दोनशे पावलं. कंपनीला आपल्या तब्येतीची काळजी आहे."

मावशीनं इस्त्री उभी केली. तिच्या मागून एक उठली, मग चार, मग सगळ्या. एकतीस जणी रांगेत पॅकिंगमध्ये गेल्या. रांग अर्थातच सरळ होती. एसीखाली थांबल्या, ओढण्या नीट केल्या, मानेवरचा घाम वाळू दिला, कुणी खोक्यांची चौकशी केली, कुणी मोंजीच्या आईची. मग परत. नऊ वाजता पुन्हा. दहा वाजता पुन्हा.

"दार लावा गं," मोंजी ओरडला, "गार हवा जातेय सगळी."

"लावतो. आत आलो की लावतो."

तिसऱ्या दिवशी रऊफसाहेब धावत खाली आले.

"हे काय चाललंय?"

"पावलं, साहेब," दलेंदा म्हणाली.

"शर्यत संपली."

"तक्ता आहे ना अजून."

साहेबांनी तक्ता काढायला हात वर केला आणि तो हात तिथंच थांबला. फ्रान्सची माणसं पुढच्या आठवड्यात कारखाना बघायला येणार होती. तक्ता त्यांचा होता. आणि रोजचे अडीचशे सदरे कमी निघत होते, तेही त्यांचेच.

"मोंजी," साहेब म्हणाले, "तू तरी यांना अडव."

मोंजीनं एसीकडं बघितलं, दाराकडं बघितलं. "कसं अडवू साहेब? पाहुणे आहेत. आणि या आल्या की आम्हालाही उकडतं. माझं ऐकाल तर तिकडंही एक लावून टाका."

सहाव्या दिवशी दुसरा एसी आला. शिडी आणि ड्रिल घेऊन दोन माणसं शिलाईच्या हॉलमध्ये उभी राहिली आणि त्यातल्या एकानं, नवखा असणार, विचारलं, "कुठं लावायचा?" एकतीस जणींनी एकतीस भिंती दाखवल्या.

"थांबा," दलेंदा म्हणाली. तिनं मनगटावरचा पट्टा काढून खिशात टाकला, मोंजीला टेपचं दुसरं टोक धरायला बोलावलं, आणि इस्त्रीपासून सुरुवात करून प्रत्येक मशीनपाशी माप घेत गेली. तास गेला. साहेब दारात उभे राहून घड्याळ बघत होते. शेवटी तिनं भिंतीवर खडूनं फुली मारली. इस्त्रीच्या बरोबर समोर, बाकी सगळ्यांना होता होईल तेवढी सारखी.

"सगळ्यांत लांब कोणतं मशीन आलं?" रबाह मावशीनं विचारलं.

मोंजीनं टेपवरचा आकडा वाचला, मग मशीनकडं बघितलं, आणि मिशीत हसू लपवायचा प्रयत्नही केला नाही.

"पुन्हा मोजू या का, दलेंदाबाई?"

"लाव," ती शिडीवरच्या माणसाला म्हणाली, आणि आपल्या मशीनवर जाऊन बसली. खुर्चीवर उशी परत आली होती.