शालूने न काढलेलं पान

नरेशचा फोन आला तेव्हा मी पेपरातलं शब्दकोडं सोडवत होते. "आत्या, लवकर ये वं. ताई उठून नाही राहिली." गोंदियाजवळच्या माझ्या गोरेगावहून मी त्यांच्या गावी, कामठ्याला पोचले तोवर सगळं संपलं होतं. शालू, माझ्या धाकट्या भावाची मुलगी, नरेशची मोठी बहीण, छत्तिसाव्या वर्षी मेंदूत रक्तस्राव होऊन गेली. डॉक्टरांचा कागद मी स्वतः वाचला आहे. नातवंडांनो, हे आधीच सांगून टाकते, कारण तुम्ही तिकडून फोनवर चाचरत विचारलंत, "आजी, शालूमावशीने स्वतःहून तर..." नाही. पण हाच प्रश्न गावातही कुजबुजला गेला, म्हणून उत्तर घरच्या पत्रात न लिहिता इथे, सगळ्यांसमोर लिहिते आहे.

तुम्हाला ती शंका का आली, तेही मला ठाऊक आहे. इंटरनेटवर तिने स्वतःबद्दल लिहिलेलं तुम्ही वाचलंत. ते असं घडलं. शालू पुण्यात एका शिकवणीच्या कंपनीत होती. आईवडिलांना फोन करायचे, तुमचं मूल मागे पडेल असं घाबरवायचं आणि ऑनलाइन क्लास विकायचा. क्लास विकला गेला की हॉलमध्ये पितळी घंटा वाजवायची. जिची घंटा आठवडाभर वाजली नाही तिने दिवसभर उभं राहून फोन करायचे. चार वर्षं तिने ते केलं. एका सकाळी हेडफोन लावला आणि तोंडातून शब्दच फुटेना... कामठ्याला परतली ती भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. शेजारच्या शाळेची घंटा झाली की दचकून उठून बसायची.

"काऊन पडून राहते वं दिवसभर? धानाच्या रोवणीले चाल, बरं वाटंल," असं नरेश म्हणायचा, वाईट मनाने नव्हे. मी तरी कुठली शहाणी! जन्मभर इंग्रजी शिकवलेली बाई मी, रेघा मारून तिला वेळापत्रक करून दिलं. तिने ते नीट वाचलं आणि म्हणाली, "आत्या, याच्यात आंघोळीले अर्धा तास आहे. मले आंघोळीपर्यंत पोचायलेच दुपार होते." मी कागदाची घडी घालून तो पर्समध्ये टाकला आणि दुसऱ्या दिवशी तिला गोंदियाला मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. औषधं सुरू झाली, बोलणं सुरू झालं. वर्ष लागलं, पण ती त्यातून बाहेर आली. हे मी ऐकीव सांगत नाही.

बरं वाटू लागल्यावर तिने कंपनीचं नाव घालून ते सगळं एका संकेतस्थळावर लिहिलं. लौकरच वकिलाची नोटीस आली: मजकूर काढा, लेखी माफी मागा, नाहीतर अब्रुनुकसानीचा दावा. पाठोपाठ कंपनीतल्या एका बाईंचा गोड आवाजात फोन. माफीपत्रावर सही करा, अडकलेलं अनुभव प्रमाणपत्र लगेच पाठवतो. त्या कागदाशिवाय कुठली मोठी कंपनी तिला दारात उभी करणार नव्हती, आणि तिला पुन्हा चांगली नोकरी हवी होती.

मी घाबरले. घाईने बसून माफीपत्र लिहिलं, अगदी निर्दोष इंग्रजीत. शालूने ते दोनदा वाचलं. "इंग्रजी झकास आहे आत्या. पण मी खोटं बोलली, असं लिहून आहे याच्यात. मी खोटं बोलली का?" मी माफीपत्र बाजूला सारलं. मग माझ्या जेवणाच्या टेबलावर तिच्या लेखाची छापील प्रत ठेवली, मी लाल पेन घेतलं आणि एकेक वाक्य विचारत गेले. "हे तू पाहिलंस?" "पाहिलं." "हे?" "ते मैत्रिणीनं सांगितलं." "मग खोड." "अन् हे, मालक राक्षस आहे?" "ते तर पक्कं आहे!" "राक्षस असल्याचा पुरावा?" कित्येक महिन्यांनी ती खळखळून हसली. तीन वाक्यं गेली. उरलेल्या प्रत्येक वाक्यामागे तिच्याकडे मेसेज होता, मेल होता किंवा तिचा स्वतःचा दिवस होता. आमच्या ओळखीच्या वकिलांनी तेवढ्यावरच उत्तर पाठवलं. माफी नाही. कंपनीच्या तक्रारीमुळे त्या संकेतस्थळाने लेख उडवला, तेव्हा शालूने इंटरनेटवर स्वतःचं पान उघडून तपासलेला लेख तिथे टाकला. दावा आला नाही. प्रमाणपत्रही आलं नाही. ती इथल्याच एका शाळेत गणित शिकवू लागली, आणि ते तिने आनंदाने केलं.

तेरवी झाल्यावर नरेश तिचा लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. "पासवर्ड वहीत लिहून होता. पान काढून टाकतो आता. लोक वाचून राहिले अन् म्हणून राहिले का पोरीनं जीव देला."

"कंपनीला जमलं नाही, ते तू करणार?"

"तुले सोपं आहे, आत्या. चौकात मले विचारतात, तुले नाही."

ते खरं होतं. पान काढायचं कुठून, हे शोधत तो खाली खाली गेला, आणि लेखाखालचे अनोळखी लोकांचे प्रश्न दिसू लागले. शेकड्याने नव्हते, पण प्रत्येकाखाली शालूचं उत्तर होतं. रजा कशी मागायची. घरच्यांना कसं सांगायचं. गोळ्यांनी खूप झोप येते, तर बंद न करता डॉक्टरांना विचारा... शेवटच्या एकाच प्रश्नाखाली जागा रिकामी होती. ती गेल्यानंतर चार दिवसांनी एका मुलीने लिहिलं होतं, "ताई, ऑफिसच्या गेटसमोर माझे पाय उचलत नाहीत. तुमचे डॉक्टर मराठी बोलतात का?"

नरेशने ते वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. मग त्याने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत लिहिलं:

"हो, मराठी बोलतात. हिंदीबी बोलतात. मी नंबर देतो. ताई आता नाही, मी तिचा भाऊ आहे. आमची ताई या आजारातून बरी झाली होती. तू जाय."

"बरोबर आहे का?" त्याने विचारलं. मी मान हलवली. त्याने बटण दाबलं, आणि पान तसंच उघडं ठेवून माझ्याकडे चहा मागितला.