खरवडलेली भिंत

"पुन्हा बोला," रंगारी म्हणाला. "सगळ्यांना ऐकू येईल असं बोला." हातातला भरलेला चहाचा कप त्याने तसाच टेबलावर ठेवला.

चिटणीसांनी घसा साफ केला आणि पुन्हा सांगितलं. सभागृहाची रस्त्याकडची भिंत, जी त्यानेच गेल्या वर्षी रंगवली होती, ती त्याने खालच्या बाजूने थोडी खरवडावी. फार नाही. जुनी दिसेल इतपत.

चर्चच्या पंच मंडळाची बैठक चालू होती आणि मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर होते. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मी त्या संध्याकाळी त्याच्या कानांवर पाहिलं. आधी कान लाल झाले, मग मान.

या रंगाऱ्याला सगळे तडतड्या म्हणतात. हे नाव माझ्याच वर्गात पडलं. गरम तेलात मोहरी पडावी तसा तो बोलायचा. फळा पुसण्याचं काम त्याच्याकडे होतं. ओल्या फडक्याने पुसायचा आणि पूर्ण वाळेपर्यंत कुणाला जवळ फिरकू द्यायचा नाही. एकदा घाईत मीच खडू टेकवला, तर म्हणाला, "बाई, थांबा की जरा!" मी थांबले. आता त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या, लेक सासरी गेली, पण राग तसाच आहे. मला तो आवडतो. कुणी त्याच्या चपला पळवल्या तर तो हसेल. कुणी त्याच्या ओल्या रंगावर बोट लावलं तर मात्र खैर नाही.

त्या भिंतीची गोष्ट अशी. एका दुकानाचा दर्शनी भाग रंगवताना तो परांचीवरून पडला आणि उजवा खांदा निकामी झाला. हात पुन्हा डोक्यावर जाणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. गिऱ्हाइकं प्रेमाने घरी येऊन विचारपूस करत आणि परत जाताना दुसऱ्या रंगाऱ्याकडे वळत. तेव्हा सभागृहाची ती लांब भिंत ओलीने फुगली होती. "मी करतो," तो म्हणाला. "वेळ लागेल. मधे कुणी बोलायचं नाही."

अख्खा उन्हाळा गेला. फुगलेलं प्लास्टर त्याने काढलं, भिंत सुकू दिली, नवं प्लास्टर केलं, खाचखळग्यांत लांबी भरली, घासली, पुन्हा भरली. ब्रश उजव्या हातात, आणि उजव्या कोपराला डाव्या हाताचा टेकू. बायको शिडी धरून उभी राही. "अहो, पडायचंच असेल तर पलीकडे पडा," ती खालून म्हणायची, "मला अजून स्वयंपाक करायचाय." शेवटी भिंत उभी राहिली, फिकट निळी, येताजाता हात फिरवावासा वाटेल अशी. ही कुणी केली, असं रस्त्याने जाणारे विचारू लागले. कामं परत आली. त्या भिंतीने त्याला पुन्हा रंगारी केलं.

आता ती भिंत कुणाच्या डोळ्यांत का खुपावी? तर पाहुणे येणार होते म्हणून.

आमच्या चर्चच्या तरुण पाळकसाहेबांनी परदेशातल्या एका चर्चच्या मंडळीशी नातं जोडलं होतं. दोन मंडळ्यांची भागीदारी, असं ते म्हणत. आरंभ फार छान झाला. ते आमच्यासाठी प्रार्थना करत, आम्ही त्यांच्यासाठी. संगणकाच्या पडद्यावर एकमेकांचे चेहरे दिसले, एकमेकांची गाणी ऐकली. त्यांची भाषा मी जन्मभर शाळेत शिकवली, म्हणून दुभाष्याचं काम माझ्याकडे आलं. मग त्यांच्यातली काही माणसं इकडे यायला निघाली आणि त्यांनी कळवलं, आम्हाला नुसतं बसायचं नाही, तुमच्यासाठी हातांनी काहीतरी काम करायचं आहे.

काम काय द्यायचं, यावर पंच मंडळाने डोकं खाजवलं. छप्पर धोक्याचं. मागचे संडास तुंबलेले, ते दाखवायची लाज. चिटणीस कचेरीतून निवृत्त झालेले, प्रत्येक अडचणीवर त्यांच्याकडे तोडगा तयार असतो. "भिंत," ते म्हणाले. "रंगाचं काम सोपं. फोटोही छान येतात." भिंत तर नवीन आहे, असं कुणीतरी पुटपुटलं. त्यावरचा तोडगा वर सांगितलाच.

"भिंत चांगली आहे, तिला हात लावू नका," मी म्हणाले.

"बाई, तुम्ही फक्त भाषांतराचं बघा," चिटणीस म्हणाले.

तडतड्या उठून उभा राहिला. "म्हणजे पाहुण्यांना औषध पाजायची हौस, म्हणून माझ्या धडधाकट भिंतीला आजारी पाडायचं?"

"असं टोकाला नको जाऊस रे. प्रेमाने येतायत ते."

"मग प्रेमाने संडास साफ करू देत! नाली तुंबून महिना झाला."

"पाहुण्यांना संडास दाखवायचे?"

"दाखवायचे नाहीत तर ते आठवडाभर जाणार कुठे?"

एकजण हसला आणि चिटणीसांनी बघताच गप्प झाला. पाळकसाहेब टेबलावरच्या रेघा मोजत बसले होते. वाद त्यांना सोसत नाही. भला माणूस, पण भलेपणाने तोंडाला कुलूप लागतं.

"भागीदारी म्हणता ना तुम्ही?" रंगारी दारापर्यंत जाऊन वळला. "मग मला तिकडे पाठवा. त्यांची भिंत मी रंगवतो. त्यांनाही सांगा, आधी खरवडून ठेवा म्हणावं."

चहा तसाच राहिला. वर साय धरली.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. तो अंगणात ब्रश धूत होता, म्हणजे धुतलेलेच ब्रश पुन्हा धूत होता. बायको पायरीवर भाजी निवडत होती.

"बाई, सांगा यांना काहीतरी," ती म्हणाली. "काल रात्रीपासून त्या चिटणीसाशी भांडतायत. तो तिकडे झोपला असेल सुखाने आणि इकडे मी ऐकतेय."

"तू गप्प बस."

"मी बसते गप्प. पण तुम्ही नाही खरवडली तर दुसरं कोणीतरी खरवडेल. आणि ते वाईट खरवडतील."

त्याचा हात बादलीत तसाच थांबला. त्याला हे सुचलंच नव्हतं. मलाही नाही.

ती म्हणाली तसंच झालं. शनिवारी दुपारी, रंगारी दुसऱ्या कामावर असताना, चिटणीस आणि आणखी दोघं खरवडायच्या लोखंडी पट्ट्या घेऊन भिंतीला भिडले. त्यांना वाटलं होतं, वरवरचा रंग तेवढा निघेल. पण लांबी ढलप्यांनी सुटली, पाठोपाठ प्लास्टर गेलं, आणि कमरेएवढ्या उंचीपर्यंत भिंतीची कातडी सोलल्यासारखी झाली. मग घाबरून त्यांनी ढलपे गोळा केले आणि घरी गेले.

संध्याकाळी उपासनेच्या फुलांचं बघायला मी गेले, तर तडतड्या तिथे उभा. मला वाटलं आता आरडाओरडा होईल. उघड्या पडलेल्या विटेवर त्याने नुसता तळवा ठेवला आणि तसाच उभा राहिला. इतक्या वर्षांत मला त्याची भीती अशी कधी वाटली नव्हती.

"बाई," तो शेवटी म्हणाला, "पाहुण्यांपुढे दुभाषी तुम्हीच ना?"

"हो."

"मी बोलेन ते सगळं सांगाल?"

"सगळं."

"शिव्यासुद्धा?"

"त्या जरा बेताने दे. मला प्रतिशब्द शोधावे लागतील."

तो हसला नाही. त्याने फक्त मान हलवली.

सोमवारी सकाळी पाहुणे भिंतीसमोर जमले. सगळ्यांचे सारखे पिवळे सदरे, हातात कोरे ब्रश, चेहऱ्यावर उत्साह. त्यांच्या पुढारी एक उंच, वयस्क बाई होत्या. डोळे विलक्षण शांत. चिटणीसांनी भाषण सुरू केलं आणि मी वाक्यामागून वाक्य त्यांच्या भाषेत देत गेले.

"आमची ही भिंत अनेक वर्षं दुर्लक्षित होती..."

"थांबा," मागून आवाज आला. तडतड्या शिडी खांद्यावर घेऊन आला होता, डाव्या खांद्यावर. शिडी त्याने भिंतीला टेकवली आणि पाहुण्यांकडे तोंड केलं. "ही भिंत मी रंगवली. माझा हात मोडला होता, तरी रंगवली. परवापर्यंत ती चांगली होती. तुम्हाला काम हवं होतं म्हणून आमच्या लोकांनी ती परवा फोडली."

"बाई, हे नका सांगू," चिटणीस दात आवळून म्हणाले.

"मी फक्त भाषांतराचं बघतेय," मी म्हणाले, आणि शब्दन् शब्द सांगितला. मोडक्या हाताबद्दलचाही.

एका तरुण पाहुणीने आपला ब्रश पाठीमागे लपवला. उंच बाईंचे शांत डोळे मात्र आता शांत राहिले नव्हते.

"तुम्हाला काय हवं आहे, हे आम्ही तीनदा विचारलं," त्या म्हणाल्या. हे चिटणीसांना आणि पाळकसाहेबांना होतं. "तिन्ही वेळा तुम्ही भिंत म्हणालात. का?" मग त्या रंगाऱ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही. आम्ही इतक्या लांबून फोटो काढायला आलो, असं वाटतं तुम्हाला?"

मी मराठीत सांगितलं.

"हो," तो म्हणाला.

"हो," मी त्यांना सांगितलं.

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"मला कुठे विचारलंत तुम्ही? तुम्ही ह्यांना विचारलंत, ह्यांनी स्वतःला विचारलं. भागीदारीत मी कुठे बसतो ते दाखवा ना! माझ्या घरी पाहुणा येतो तो आल्याआल्या काम मागत नाही. बसतो. घरात काय दुखतंय ते त्याला हळूहळू कळतं. तुम्ही बसायच्या आधीच औषध काढलंत."

हेही मी त्यांच्या भाषेत नेलं. उंच बाईंचे गाल लाल झाले होते. त्या रागाने काही बोलणार होत्या, पण त्यांनी भिंतीकडे पाहिलं. जवळ गेल्या. वरच्या भागावर, जिथे त्याचं काम शाबूत होतं, हात फिरवला आणि मग खाली, उघड्या विटेवर.

"काम आहे का इथे?" त्यांनी विचारलं. "खरं?"

"मागे चला," तडतड्या म्हणाला. "नाकाला रुमाल लावा."

"अरे, काय करतोस!" चिटणीस ओरडले. पण पाळकसाहेब आधीच बाह्या वर करून निघाले होते. "चूक माझी आहे," ते जाताजाता मला म्हणाले, "मी तेव्हा बोलायला हवं होतं." फावडं पहिल्यांदा त्यांनी उचललं, हे मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवते. पुढचे दिवस नाली उपसण्यात गेले. पिवळे सदरे पिवळे उरले नाहीत. बोलावून आणलेला प्लंबर त्यांना ओरडत होता, ते एकमेकांना ओरडत होते, आणि मला मात्र एवढ्या ओरडण्याचं भाषांतर करावं लागलं नाही.

भिंतीला रंगाऱ्याने कुणालाही हात लावू दिला नाही. अपवाद एकच. "लांबी कालवायला माणूस हवा," तो चिटणीसांना म्हणाला. "या." आणि चिटणीस, पांढऱ्या शर्टात, उकिडवे बसून लांबी कालवत राहिले. "गुठळ्या राहिल्या," तो म्हणे. "पुन्हा."

दुरुस्ती उत्तम झाली. पण वरचा रंग वर्षभर ऊन खाऊन उतरला होता आणि खालचा नवा, गडद. पाहुणे परत गेल्यावर कमरेएवढ्या उंचीवर एक आडवी रेघ स्पष्ट दिसू लागली. ती घालवायची तर अख्खी भिंत एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत रंगवावी लागते. रंग शिल्लक होता. पंच मंडळाने विनंती केली. पाळकसाहेब स्वतः घरी जाऊन आले. तो तयार होईना.

परवा मीही विचारलं. पडद्यावर भेटलो की उंच बाई आता आधी आमच्याकडे काय मोडलंय ते विचारतात, मग स्वतःकडचं सांगतात: त्यांच्या चर्चमध्ये रविवारी बाकं कशी रिकामी असतात, कोण कुणाशी बोलत नाही. हे सगळं सुरळीत चाललंय. मग आता राग कशाला?

"रंगव ना रे," मी म्हणाले. "तुझंच काम डागाळलेलं दिसतं."

"दिसू दे."

"येणारे जाणारे विचारतात, ही रेघ कसली."

"मग सांगा त्यांना, बाई. तुम्हाला दोन भाषांत सांगता येतं."

त्याने शिडी उचलली, डाव्या खांद्यावर घेतली आणि दुसऱ्या कुणाच्या तरी भिंतीकडे निघून गेला.