सुनेत्रावहिनींचं पातेलं टांझानियाला जातं

सुनेत्रावहिनी उजागरे यांचा देवावर पूर्ण विश्वास आहे. देवाच्या नावाने जुनं सामान देणाऱ्यांवर मात्र अजिबात नाही.

दर ऑगस्टमध्ये सिंगापूरमधल्या टॅम्पिनीसच्या त्यांच्या चर्चमधून टांझानियातल्या एका मिशनच्या शाळेला कंटेनर जातो. भांडी, चादरी, दप्तरं, खेळणी असं कायकाय त्यात असतं. काय नसावं हे वहिनी ठरवतात. चर्चच्या खालच्या हॉलमध्ये लांबलचक टेबलाच्या एका टोकाला सिंगापूरकरांनी प्रेमाने दिलेला ढीग, दुसऱ्या टोकाला रिकामी खोकी आणि मधोमध वहिनी. स्वर्गाच्या दारावर सेंट पीटर उभा असतो म्हणतात. माझी खात्री आहे, तो वहिनींपेक्षा सैल असणार.

"हे बघा भाऊजी," एकदा त्यांनी मला बर्फावर घसरायचे बूट दाखवले. "आपण विषुववृत्तावर राहतो, ती पोरंही विषुववृत्ताजवळच राहतात. घसरायचं कुठे? देणाऱ्या बाईच्या अकलेवर?"

दुसऱ्या दिवशी एक टवका उडालेली कढई आली. पास्टर बिचारे चिनी, अतिशय गोड माणूस. ते म्हणाले, "सुनेत्रा, फ्री थिंग लाह, जस्ट सेंड."

"पास्टर, देन यू टेक होम," वहिनी म्हणाल्या. पास्टरांनी ती कढई निमूटपणे घरी नेली. त्यांच्या घरी आता अशा बऱ्याच वस्तू आहेत. वहिनींचा नियम साधा: जे आपल्या ओट्यावर चालत नाही, ते आफ्रिकेला पाठवायचं नाही. "येशूच्या नावावर भंगार खपवायला हे काय चोरबाजाराचं दुकान आहे?"

त्यांचे यजमान प्रबोध जहाजावर चीफ इंजिनियर. दार-एस-सलामचं बंदर त्यांनी पाहिलेलं, म्हणून चर्चमध्ये त्यांना आफ्रिकेचे तज्ज्ञ समजतात. बंदराच्या फाटकाबाहेर ते कधी गेलेले नाहीत. "जहाजावर मी चीफ," ते म्हणतात, "घरी मी तेलपाणी करणारा ऑइलर." माझा ह्या पुण्यकार्याशी संबंध एवढाच की माझ्याकडे गाडी आहे. सिंगापूरमध्ये ज्याच्याकडे गाडी आहे तो अख्ख्या मराठी समाजाचा हमाल असतो. पुंगोलपासून चोआ चू कांगपर्यंत मराठी घरांतल्या पिशव्या मी गोळा करतो आणि हॉलमध्ये नेऊन ओततो.

आता ह्या मराठी घरांची एक गंमत आहे. आपण स्टीलचं भांडं भेट दिलं की त्यावर नाव घालतो. कोणी, कोणाला, कशाबद्दल, साल कुठलं, सगळं कोरलेलं. मग लोकांकडे काचेची आणि नॉनस्टिकची भांडी येतात आणि चुलतसासूने दिलेला डबा निघतो आफ्रिकेला. तिथे कोण वाचतंय देवनागरी? पण वाटेत नगरच्या उजागरे बसलेल्या असतात हे सगळे विसरतात. कोणाचा आहेर कोणी वाटेला लावला, कोणत्या जावेचे पेले कोणत्या जावेने काढून टाकले, हे सगळं वहिनींना ठाऊक. त्यांनी तोंड उघडलं असतं तर महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीला कोणी कोणाशेजारी बसलं नसतं. पण वहिनी वाचत, "अस्सं," म्हणत आणि भांडं पुसून खोक्यात ठेवत. पोटातली गोष्ट ओठावर आणत नसत.

त्या वर्षी मात्र त्यांनी एक पातेलं उचललं, उलटं केलं, वाचलं आणि "अस्सं" म्हणाल्या नाहीत.

जाड बुडाचं, वीस-पंचवीस माणसांचं, झाकणासकट. त्यावर लिहिलं होतं: 'प्रिय नीतास, नव्या घरासाठी, सुनेत्राकडून, २००२'.

नीता म्हणजे वहिनींची सिंगापूरमधली पहिली मैत्रीण. बँकेत नोकरी करते, त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. लेकीच्या, अदितीच्या, बाळंतपणाच्या वेळी प्रबोध कुठल्याशा समुद्रात होते. तेव्हा वहिनींना टॅक्सीत घालून दवाखान्यात नेलं ते नीतानेच. टॅक्सीवाल्याला सबंध रस्ताभर झापलंही तिनेच. तिच्या वास्तुशांतीला वहिनींनी हे पातेलं नगरहून विमानात मांडीवर ठेवून आणलेलं. नीताच्या गणपतीचा शिरा तेव्हापासून त्याच पातेल्यात आणि वहिनींच्याच हातचा. वहिनी गणपतीला नमस्कार करत नाहीत, पण त्याच्या शिऱ्यात तूप किती हे त्या ठरवायच्या. गणपतीने कधी तक्रार केली नाही. उलट नाताळात नीताची सगळी फौज वहिनींच्या करंज्यांवर तुटून पडते.

पण मागच्या गणपतीला काहीतरी बिनसलं होतं. वहिनी पदर खोचून स्वयंपाकघराकडे निघाल्या तर नीता दारात आडवी. "तू बस गं बाहेर, आरामात. ह्या वर्षी शिरा केटररचा आहे." आत डोकावूसुद्धा दिलं नाही. वहिनी कागदी प्लेट घेऊन सोफ्यावर पाहुण्यासारख्या बसल्या. 'तुम्ही बाहेरच बसा हं' हे वाक्य किती मऊ आवाजात म्हणता येतं, हे त्यांनी नगरमध्ये लहानपणी सोवळ्याच्या घरांत ऐकलं होतं. पण नीता तसली नाही, असं म्हणून त्यांनी वर्षभर मनाची समजूत घातली होती.

आणि आता हे पातेलं.

दुसऱ्या दिवशी मला नीताचा फोन. "भाऊजी, सुनेत्रा मला अहो म्हणाली!"

"मग?"

"मग काय मग? लिफ्टमध्ये भेटली. 'नीताताई, आपली पिशवी पोचली, आभारी आहे.' आभारी! मी काय मेलेय का?"

मी हॉलवर गेलो. वहिनींनी पातेलं माझ्यापुढे आपटलं. "वाचा. तुमच्याच गाडीतून आलंय."

"पण चार घरच्या पिशव्या एकत्र होत्या वहिनी. मी सगळं एकदम ओतलं."

"नाव नीताचं आहे ना? मग दुसऱ्या कोणाच्या घरून येईल?"

प्रबोध कोपऱ्यात खोकी चिकटवत होते. "अगं, तिला सरळ विचार ना."

"काय विचारू? आधी मी स्वयंपाकघरात नको झाले, मग माझं पातेलं नको झालं, आता मी गणपतीला येऊ की नको, हे विचारू? आणि ती 'ये ना' म्हणाली तर पुन्हा जाऊन सोफ्यावर बसू?" त्यांनी पातेल्याचं झाकण पुसलं. पुसलेलंच होतं, पुन्हा पुसलं. "शनिवारी कंटेनरचं दार लागेल. लागू दे. पातेल्याबरोबर मैत्रीही जाऊ दे टांझानियाला. तिथे तरी कोणाच्या उपयोगी पडेल."

बाईचा आवाज फाटलेला मी पहिल्यांदाच ऐकला. प्रबोधनी चिकटपट्टी स्वतःच्याच मनगटाला चिकटवली.

शनिवारी हॉलमध्ये नुसता गोंधळ. दरवर्षी मराठी बायका पॅकिंगला येतात, तशा ह्याही वर्षी आल्या. पुंगोलच्या कुमुदताई आल्या. आमच्यात सगळ्यांत वडील, सगळ्यांच्या पथ्यपाण्याच्या सल्लागार. आणि 'अहो' खाऊनही नीता आली. वहिनींनी ते पातेलं मुद्दाम टेबलाच्या मधोमध, नाव वर करून ठेवलेलं. नीता आत शिरली, तिने पाहिलं आणि हॉलभर किंचाळली.

"अय्या! सापडलं!"

पोटाशी धरलंन पातेलं. पास्टरांना वाटलं, काहीतरी साक्षात्कार झाला. ते "आमेन" म्हणाले.

"काय सापडलं?" वहिनी म्हणाल्या.

"अगं, हे! दोन वर्षं शोधतेय मी! तुला कोणत्या तोंडाने सांगणार होते? मांडीवर घेऊन आली होतीस तू, आणि मी हरवलं. मागच्या गणपतीला तू आत येशील, पातेलं कुठाय म्हणशील, म्हणून दारात उभी राहिले. केटररचा तो घाणेरडा शिरा खाल्ला सगळ्यांनी, तुझ्यापायी!"

वहिनींनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "म्हणून मला बाहेर बसवलंस?"

"मग आणखी कशाला बसवीन?"

वहिनींनी ते काही सांगितलं नाही. नुसत्या म्हणाल्या, "बावळट आहेस." नीताला अजूनही ठाऊक नाही की त्या एका शब्दाने तिची केवढ्या आरोपातून सुटका झाली.

"पण मग आलं कुठून हे इथे?" नीता म्हणाली. सगळ्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कुमुदताई टेबलाच्या टोकाला एक आधीच चिकटवलेलं खोकं पुन्हा चिकटवत होत्या.

"कुमुदताई," वहिनी म्हणाल्या.

"हो गं बाई, माझ्याकडेच होतं," कुमुदताईंनी चिकटपट्टी खाली ठेवली. "दोन वर्षांमागे गणपतीच्या गडबडीत नीताने उरलेला शिरा बांधून दिला होता, पातेल्यासकट; तिला आठवतही नसेल. शिरा संपला."

"मग पातेलं द्यायचं ना परत!"

"रिकामं? रिकामं भांडं कसं देऊ गं परत? म्हटलं, काहीतरी करून भरून देऊ. पण केवढं ते पातेलं! ते भरायचं म्हणजे लग्नाचा स्वयंपाक. त्यात ह्यांना साखर निघाली, घरात गोड बंद. मग दिवाळी गेली, संक्रांत गेली. सहा महिन्यांनी द्यायचं तर नुसत्या चिवड्यावर कसं भागेल? जितका उशीर, तितकं भारी काहीतरी करायला हवं ना! शेवटी पातेलं दिसलं की मला धडधडायला लागलं. म्हटलं, जाऊ दे आफ्रिकेला."

"आफ्रिकेला रिकामं चालतं?" नीता म्हणाली.

"तिथे मला कोण ओळखतंय?"

प्रबोध इतके हसले की खोक्यावर बसले आणि खोकं बसलं.

आता पातेलं कोणाचं, ह्यावर जुंपली. नीता म्हणे, माझं आहे, मी नेणार. वहिनी म्हणाल्या, टेबलावर आलं ते शाळेचं झालं. तिथल्या स्वयंपाकिणीने मोठी भांडीच मागितली आहेत. आणि आपल्या ओट्यावर चालतं तेच पाठवायचं, हा नियम मैत्रिणीला वेगळा नाही.

"अगं पण माझं नाव आहे त्यावर!"

"मग बरंच आहे. तुझं नाव तरी जाईल कुठेतरी. तू टॅम्पिनीस मॉलच्या पुढे जात नाहीस."

अगं-तुगं सुरू झालं होतं. मी खोकी उचलायला लागलो.

पण झाकण लावताना वहिनींचाच हात थांबला. रिकामं. खायचं काही पाठवायला मनाई. नीताने इकडेतिकडे पाहिलं आणि ढिगातले स्टीलचे चमचे ओंजळीने पातेल्यात भरले. कुमुदताईंनी वाट्या घातल्या. पास्टरांना काही कळलं नाही, पण त्यांनीही खिशातलं पेन टाकलं. पातेलं खळखळत खोक्यात गेलं आणि कंटेनरचं दार लागलं.

पुढच्याच आठवड्यात गणपती बसले. कुमुदताईंनी भरपाई म्हणून नीताला नवं कोरं पातेलं आणून दिलं, तेही काठोकाठ चिवड्याने भरून. ते रिकामं करायला अख्खी इमारत कामाला लागली. नीता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, सवयीने आडवी. वहिनींनी पदर खोचला.

"अगं, सरक."

नीता सरकली. वहिनींनी नवं पातेलं गॅसवर ठेवलं, तूप सोडलं, रवा घातला आणि दोनदा ढवळताच त्यांच्या कपाळाला आठी पडली. खालून करपल्याचा वास येत होता. बाहेर कुमुदताई गणपतीसमोर हात जोडून उभ्या होत्या, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने वहिनी म्हणाल्या,

"नीता, ह्याचं बूड बघ, कागद नुसता! असलं आम्ही आफ्रिकेला नाही पाठवत."