वरच्या बाणावरची चिकटपट्टी

आमची ताई एकोणतीस वर्षं एका वर्तमानपत्राच्या फोटो-विभागात आहे. जुन्या फोटोत डावीकडून तिसरा कोण, हे त्या माणसाच्या बायकोला आठवणार नाही, पण ताईला आठवतं. आम्हा भावंडांचे वाढदिवस मात्र ती हमखास विसरते. आम्ही रांगेत उभे नसतो ना!

अकरा हजार फोटोंची यादी तिनं कार्डांवर केली होती. मालकांनी फर्मान काढलं, ही यादी जो कॉम्प्युटरवर चढवेल तो विभागप्रमुख. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. ताईला ती खुर्ची हवी होती, अगदी जिवापाड हवी होती. पण विभागातला कॉम्प्युटर म्हणजे नुसता काळा पडदा आणि त्यावर डोळे मिचकावणारी एक रेघ.

कॉम्प्युटर-विभागातले एक चष्मेवाले गृहस्थ आपण होऊन मदतीला आले. ताईपेक्षा बारा वर्षांनी लहान, तरी तिनं त्यांना ‘गुरुजी’ करून टाकलं आणि घरी आमच्यामागे गुरुजीपुराण लागलं.

“‘एलएस’ म्हटलं की कपाटात काय काय आहे ते दाखवतं. ‘सीडी’ म्हणजे पलीकडच्या खोलीत जा. ‘सीपी’ म्हणजे नक्कल.” भाजी चिरता चिरता पाठ चालायचा. एका शब्दाच्या जागी सगळीकडे दुसरा शब्द घालणारी ‘सेड’ ही आज्ञा शिकली, त्या दिवशी तिनं मला फोनच केला. “अरे, अकरा हजार ‘छायाचित्रं’ एका ओळीत ‘फोटो’ झाली!” एवढी खूश ती स्वतःच्या लग्नातही नव्हती. पुरावा आहे माझ्याकडे, लग्नाचा फोटो. डावीकडून पहिली.

मागच्या महिन्यात एकदा तिचा घरी राहिलेला चष्मा द्यायला दुपारी ऑफिसात गेलो. गुरुजी मालकांच्या केबिनमध्ये होते. कीबोर्डकडे पाहिलं, तर एका बटणावर चिकटपट्टी.

“याला लागलं-बिगलं का गं?”

“हात लावू नकोस! तो वरचा बाण. शिकाऊ माणसानं दाबला तर सगळी यादी जाते. गुरुजींनी बजावलंय. चुकून लागू नये म्हणून तीन महिने पट्टी लावून ठेवलीय.”

मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, पण बटण दाबू नकोस म्हटलं की माझं बोट शिवशिवतं. दाबलं.

यादी कुठेही गेली नाही. पडद्यावर फक्त एक ओळ उमटली.

“ही मी नाही लिहिली,” ताई म्हणाली. “पुन्हा दाब.”

बाण दाबला की या मशीनवर आधी दिलेल्या आज्ञा एकेक करून परत येत होत्या. आज चष्म्यावाचून ताईनं काहीच टाइप केलं नव्हतं, म्हणजे या काल ती घरी गेल्यानंतरच्या. आधी उमटलेली ओळ ‘सेड’ची होती. प्रत्येक नोंदीखाली ताईचं नाव होतं. त्याच्या जागी गुरुजींचं. तिच्या आधीची ‘सीपी’ची. ताईची सगळी यादी उचलून गुरुजींच्या खोलीत. तिनं दोन्ही ओळी सावकाश वाचल्या. वाचायला त्यांनीच तर शिकवलं होतं.

तेवढ्यात गुरुजी केबिनमधून बाहेर आले. चेहऱ्यावर नवीन खुर्चीचं तेज. पडद्याकडे लक्ष गेलं आणि ते तेज मावळलं.

“ताई, मालकांना एकच नाव हवं होतं. आणि तुमचं काय, दीड वर्षच तर राहिलंय...”

“नाव घेतलंत ते घेतलंत,” ताई म्हणाली. “पण मी तुमचं ऐकून त्या बटणावर पट्टी लावली हो! ती सुटायला लागली की नवी लावायचे. तुम्ही रोज बघत होतात ना?”

गुरुजी चष्मा पुसू लागले.

ताई केबिनमध्ये गेली आणि दोन मिनिटांत परत आली. मालक म्हणाले होते, “अहो, नाव कुणाचं का असेना, यादी झाली ना?”

आता रविवारी ताई मला कॉम्प्युटर शिकवते. पहिला धडा वरच्या बाणाचा. शिकवते झकास, फक्त मी पाणी प्यायला उठलो की मागे टक टक ऐकू येतं. मी काय काय टाइप केलंय, ते ती बाण दाबून बघत असते. सख्ख्या भावाचं!

मी मुद्दाम दोन घोट जास्त पितो. तिचं बघून झालं की मग परत येतो.