घाटाखालचा कोरा चहा

पल्लवी, हे पत्र घेऊन जरा निवांत बस. आणि आधी तुझ्या लेकराच्या हातातला कॉफीचा पेला काढून घे. काऊन वं, अर्धी गोष्ट ऐकून पूर्ण शहाणी झालीस? "आजीनं मंदामावशीला चहानं बरं केलं" एवढंच कुणीतरी सांगितलं, आणि आरूला एडीएचडी आहे म्हटल्याबरोबर तू कॉफी सुरू केलीस. मी काही बरंबिरं केलं नाही बापा. काय झालं ते लिहून देते. तू वाच, आणि आरूच्या दवाखान्यात तुझ्या शेजारी बाकावर बसणाऱ्या बायांनाही वाचायला दे.

माझ्या मंदीला, म्हणजे तुझ्या मंदामावशीला, पाहून डॉक्टरसाहेब म्हणाले होते, "बाई, मुलगी हायपरकायनेटिक आहे."

मी घाबरून विचारलं, "जगन ना साहेब?"

ते हसले. "जगेल. जरा जास्तच जगेल."

हायपरकायनेटिक म्हणजे सारखी हालचाल, मन एका जागी न ठरणं. त्यालाच तुमचे डॉक्टर आता एडीएचडी म्हणतात. पण ते नाव कानावर पडेपर्यंत आमचा जीव अर्धा झाला होता.

महाराष्ट्र नवाच झालेला. आम्ही आताच्या मोताळा तालुक्यात, रोहिणखेडच्या बाजूला. वांगी, मिरची, थोडा कापूस. मंदी नुकती शाळेत जायला लागलेली. जेवताना दोन घास खाऊन उठे. गोठ्यावर चढे, तिथून उडी मारी. मिरचीची रोपं लावायला दिली तर चार लावी आणि मग आधीची उपटून बघी, मुळं धरली का म्हणून! मास्तर तिला वर्गाबाहेर बसवत. ती तिथूनही पळे.

आणि शेतातल्या विहिरीला कठडा नव्हता. एकदा फुलपाखरामागे धावत ती अगदी काठावर गेली. तिच्या बापानं फ्रॉकला धरून मागं ओढली. त्या दिवसापासून आम्ही शेतात असलो की मंदी कडुलिंबाच्या झाडाला बांधलेली. वासराचं दावं, पायात. ती ओढे, घोट्याला वळ उठत. माझे हात वांगी तोडत आणि डोळे त्या झाडाकडे. ते दावं सुटावं, एवढंच मला देवाकडे मागायचं होतं.

म्हणून बुलढाण्याचा सरकारी दवाखाना धरला. आमच्याकडून घाट चढून जावं लागे. एसटीत पोरांना वळणावळणाला उलट्या होत, म्हणून घाटाखालच्या हॉटेलात लिंबू पिळलेला कोरा चहा पाजायची सगळ्यांचीच रीत. घरी पोरींना चहा अजिबात नाही. काळ्या पडतात म्हणे! पण घाटाचा चहा वेगळा, तो चहात धरत नसत. मंदी बशीभर पिई, मी आणखी बशीभर देई. चांगला कडक.

दवाखान्यात गर्दी. नंबर येईपर्यंत ऊन ओसरीच्या या टोकाहून त्या टोकाला जाई. आणि मंदी? मांडीवर हात ठेवून बसलेली! साहेबांनी नाव विचारलं, तिनं सांगितलं. जीभ दाखवली. "मुलगी तर शहाणी आहे," साहेब म्हणाले. मी पोरीला घेऊन परत एसटीत बसले.

संध्याकाळी घरी आलो तर बाईसाहेब गोठ्यावर.

सासूबाईंना आयतंच निमित्त सापडलं. "डाक्टरापुढं गाय अन् घरी वाघीन! मुद्दाम करून राह्यली ते. दावं आखूड करा तिचं."

पुन्हा गेले. पुन्हा तेच, शहाणी मुलगी. आता मलाही वाटायला लागलं, पोर नाटक करते की काय? की मलाच वेड लागलं? आणि दावं खरंच आखूड झालं.

तिसऱ्या खेपेला मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, तुमीच चला. माह्या डोयावर माहाच भरवसा राह्यला नाही."

"चलतो ना! मले काय डाक्टरचं भेव हाय?"

त्या दिवशी गावातून वांग्यांची मोटार बुलढाण्याला निघाली होती. पोत्यांवर बसून आम्ही सरळ घाट चढलो. हॉटेल नाही, चहा नाही.

काय सांगू तुला! दवाखान्यात पाय ठेवल्याबरोबर मंदीनं वजनकाट्यावर उड्या मारल्या. एका म्हाताऱ्याची काठी पळवली. साहेबांच्या टेबलाखाली शिरून त्यांच्या बुटाची नाडी सोडली. सासूबाई ओरडतायत, "अवं पकडा तिले!" नर्सबाई धावतायत. आणि मी? मी आनंदानं रडायला लागले. "पाहा साहेब, पाहा! हेच माही मंदी हाय!"

साहेब नाडी बांधता बांधता म्हणाले, "आज वेगळं काय झालं?"

"काहीच नाही जी. चहासुद्धा नाही घेतला."

त्यांचा हात थांबला. "चहा? मुलीला?"

सगळं विचारून घेतलं त्यांनी. शिपायाला अर्धा कप कोरा चहा आणायला पाठवलं. मंदी प्यायली आणि पुन्हा पळाली. साहेब बाकीचे पेशंट तपासत राहिले. मी दाराकडे बघे, पोरीकडे बघे. अर्धा तास झाला असेल. मग ती बाकावर येऊन बसली आणि आपल्या फ्रॉकची उसवलेली शिवण बोटांनी नीट जुळवायला लागली.

सासूबाई पुटपुटल्या, "अरे देवा. हे नाटक नव्हतंच म्हणा."

साहेबांनी मग ते हायपरकायनेटिक नाव सांगितलं आणि समजावलं. चहा-कॉफीत कॅफीन असतं. ते जाग आणतं. काही मुलांच्या मेंदूचा आवर घालणारा भाग पेंगुळलेला असतो. तो जागा झाला की मूल उलट शांत होतं. "पण बाई," त्यांनी बोट उगारलं, "हे औषध नाही. थोडा वेळ टिकतं. रोज पाजाल तर भूक मरेल, झोप उडेल, छाती धडधडेल. चहानं फक्त एवढं कळलं की मुलगी मुद्दाम करत नाही. बांधू नका तिला. छोटी छोटी कामं द्या आणि पळू द्या."

मी ऐकलं. गावानं मात्र निम्मंच ऐकलं, तुझ्यासारखं. शेजारच्या कमलची लेक बोलत नसे. शेंगदाण्यांच्या रांगा लावत बसे, नजर देत नसे. आज तिला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, म्हणाले असते. कमलनं तिला चहा पाजला. ते लेकरू रात्ररात्र झोपेना. कानावर हात ठेवून किंचाळे, भिंतीवर डोकं आपटे. साहेब कमलला रागावले, मग हळूच म्हणाले, "एकाला जे लागू पडतं ते दुसऱ्याला उलटू शकतं. तिसऱ्याला काहीच होत नाही." चहा बंद झाला तशी पोर हळूहळू झोपायला लागली. ते किंचाळणं मी विसरले नाही, म्हणून तुला एवढं बोलले. आरूला काय द्यायचं ते त्याचे डॉक्टर ठरवतील, तू नाही आणि मीही नाही.

मंदी आजही एका जागी बसत नाही. कपभर चहा पिते आणि दुपारी खुशाल घोरते. मला तोच चहा रात्रभर छताकडे बघत जागं ठेवतो. त्या साहेबांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी पोर बदलली नाही, आमचे डोळे बदलले.

त्या तिसऱ्या खेपेहून आम्ही घरी पोचलो त्या संध्याकाळी सासूबाईंनी स्वतः झाडाचं दावं सोडलं आणि वासराला नेऊन बांधलं. मग लेकाला हाक मारली, "पोरगी कायले बांधता बे? इहीर बांधा ना!" पुढच्याच आठवड्यात दगड आले. मंदीनं एकेक दगड धावत नेऊन दिला, कठडा पुरा होईपर्यंत.

आरूला घेऊन ये गं लवकर. इथं त्याला "बस" म्हणणारं कुणी नाही.