वाकडी भेंडी आणि दिनूमामा

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सापगावच्या शेडमध्ये उरल्यासुरल्या शेतकऱ्यांची भेंडी निवडत होते. हातातली पाटी तशीच टाकली आणि मुरबाडला मामाच्या घरी पळाले, रस्ताभर रडत... आज तशी रडले नसते. पण तेव्हा मला काय माहीत नव्हतं.

दिनूमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. मुरबाडला शिकून मुंबईत मोठमोठ्या कंपन्यांचा सल्लागार झालेला. त्याचं काम काय, तर समोरची कंपनी उद्या काय करणार ते आज शोधून काढायचं. चोरीमारी नाय हां. त्यांच्या नोकरीच्या जाहिराती वाचायच्या, गेटावरच्या चहावाल्याशी गप्पा मारायच्या आणि सगळं जुळवायचं. "प्रश्न विचारायचाच नाय गो," तो सांगायचा, "मुद्दाम चुकीचं बोलायचं. माणूस दुरुस्त केल्याशिवाय राहत नाय." मला असलं ऐकायला जाम आवडायचं. कॉलेज संपल्यावर मी भेंडीचा धंदा काढला तो त्याच्याच जिवावर. आजूबाजूच्या शेतकऱ्यांची भेंडी घ्यायची, निवडायची, एक्स्पोर्टवाल्याला द्यायची. मामा रविवारी जेवायला यायचा आणि मी ताटावर बसल्यापासून बडबडत सुटायचे. एकदा म्हणाला, "भाव जास्त देतेस म्हणून शेतकरी तुला धरून आहेत."

"ह्या, भाव नाय मामा. एक्स्पोर्टवाले वाकडी भेंडी परत करतात. मी ती पण घेते, कल्याणच्या मार्केटला काढते. कोणाची पाटी घरी परत जात नाय."

"हुशार गो माझी भाची," म्हणाला आणि अजून एक भाकरी मागितली.

पुढच्याच हंगामात आटगावला एका मोठ्या कंपनीचं सेंटर उघडलं. सरळ, वाकडी, सगळी भेंडी घेणार. माझे शेतकरी एकेक करून तिकडे गेले. मामा आला, रिकाम्या शेडमध्ये माझ्या पाठीवर हात फिरवत बसला. "धंद्यात होतं असं. तुझं काय चुकलं नाय."

त्याच्या दहाव्याला त्या कंपनीचा मॅनेजर आलेला. हा मामाला कसा ओळखतो, मला कळेना. चहा देताना मी सहज बोलल्यासारखं बोलले, "सेंटर उघडल्यावर मामा तुमचं काम बघायला लागले ना?"

"नाही हो ताई, उलट, सेंटरच्या आधीपासून. वाकडा माल घ्यायची आयडिया सरांचीच."

मामाचीच विद्या, मामाच्याच दहाव्याला...

तेव्हापासून डोक्यात एकच फिरतंय. त्या रविवारी तो मामा म्हणून ऐकत होता की काम म्हणून? आणि त्याआधीचे रविवार? पाठीवरचा तो हात? विचारायला माणूस नाय. आईला तोंडाने सांगायला जमलं नाय, म्हणून इथे लिहितेय.

परवा बदलापूरच्या एका हॉटेलने रोजची भाजी माझ्याकडून घ्यायचं नक्की केलं. आनंदात मी पहिला फोन लावला तो मामाच्या नंबरवर. सवयीने. मामीने उचलला.

"बोल गो, काय झालं?"

सगळं ओठावर आलेलं.

"काय नाय मामी," मी म्हटलं. "जेवलात का?"