येसबाचा मुजरा

मंडळी, आज सकाळपासून माझं शिलाईत ध्यान न्हाय. सुई दोनदा बोटात घुसली. सांगूनच टाकतो, न्हायतर डोकं फुटंल.

गगनबावड्याच्या वाटेनं डाक घेऊन पळणारा आपल्या पेठेतला येसबा मागल्या साली बोटीनं विलायतेला गेलता, सगळ्या देशांच्या मॅरेथॉनला. त्याची बंडी मीच शिवलीवती.

आज तीच बंडी घालून तो नाक्याकडनं पळत आला. दारात त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन उभी. घर पन्नास पावलांवर राहिलं आणि गडी थांबला. वाकून मुजरा केला. समोर कुणीच नव्हतं.

"येसबा, घरात जा की. वैनी उभी हाय."

मान वर न करता म्हणाला, "रसूलभाई, विलायतेत शर्यत संपायची दोरी समोर दिसत हुती. बाजूला राजा बसलावता. मुजरा केला. त्यानं अजून मान हलवली न्हाय."

आपण महाराजांच्या राज्यातली माणसं. राजानं मान हलवल्याबिगर सरळ व्हायचं न्हाय, हे आपणच त्याला शिकवलं. तिथं तो वाकलेला राहिला आणि मागचे गडी पुढं निघून गेले. आणि संगं गेलेले सांगतात, तो राजा नव्हताच, टोपीत पीस खोचलेला कोणतरी साहेब हुता!

शेवटी मीच पुढं उभा राहून मान हलवली. येसबानं वर बघितलं. "तुम्ही न्हवं," म्हणाला आणि परत वाकला.

आता दुपार झाली. सावली पायाखाली आली, गडी तसाच हाय. वैनी तांब्या घेऊन उंबऱ्यावर बसलीया.

मंडळी, तुमच्यातल्या कुणाची मान चालंल का त्याला?